ओवी कुणाची, घर कुणाचे?

गाणे कुणाचे असते? रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, की ज्या घरात ते गायले जाते त्या घराचे? मराठी मुसलमानाला हा प्रश्न टाळता येत नाही. घरात दखनी, गल्लीत मराठी आणि नमाजेत अरबी, यांतले ‘आपले’ कोणते, असे त्याला बाहेरचेही विचारतात आणि घरातलेही.

बीड जिल्ह्यात जात्याची घरघर आता क्वचितच ऐकू येते. पिठाच्या गिरणीने बायकांच्या दंडांना विसावा दिला, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण जात्याबरोबर ओवीही मागे पडली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या बायकांनी गायिलेल्या बाबासाहेबांच्या ओव्याही आहेत.

आपल्यातले काहीजण म्हणतात, ओवी त्यांची, आपला तिच्याशी काय संबंध? इतिहास वेगळे सांगतो. सतराव्या शतकात विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनी ‘चक्कीनामे’ रचले गेले. दळणाऱ्या बाईच्या ओठी अल्लाहचे नाव यावे म्हणून त्यांनी जात्याचीच लय घेतली. त्या बुजुर्गांना जाते परके वाटले नाही, मग आपल्याला का वाटावे?

संगीत जायज की नाजायज, हा वादही जुनाच आहे. खुलताबादेत चिरनिद्रा घेणारे बुऱ्हानुद्दीन गरीब समाचे चाहते होते, तर अनेक आलिमांचा त्याला विरोध होता. दोन्ही मतांचा आदर ठेवू. पण ओवीला ना ढोलक लागते, ना पेटी. तिला बंदी केली म्हणजे वाद्य थांबत नाही, बाईचा आवाज थांबतो. सासर, माहेर, मेलेले मूल, परगावी गेलेला भाऊ, हे सारे ती मग कुणाला सांगणार?

दूर अमेरिकेत ‘ब्लूग्रास’ नावाचे गाणे असेच जन्मले. त्याचा जनक बिल मन्रो 1911 मध्ये केंटकीतल्या एका खेड्यात जन्मला. तरुणपणी त्याने परराज्यात तेलाच्या कारखान्यात मजुरी केली. या संगीतातला बँजो गुलाम करून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तिकडे नेला. ज्यांना माणूस म्हणून घरात जागा नव्हती, त्यांचे वाद्य घराच्या आठवणींच्या गाण्यात बसले. गाणे स्वीकारले गेले, माणूस मात्र दाराबाहेरच राहिला. ही फसगत आपल्याकडेही होते. उरुसातल्या कव्वालीला सारे गाव डोलते, पण कव्वालाच्या बिरादरीला भाड्याने खोली द्यायची म्हटली की गाव मुके होते.

दसरा सरला की बीडमधून लाखो ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि काही लेकरे. त्या महिन्यांत घर म्हणजे काय? माझ्या मते, आपला आवाज जिथे कुणी ऐकतो, ती जागा.

जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने पुरी करावी. खुंट्यावर दोघींचे हात असत, त्यात कोणता हात कुठल्या धर्माचा हे पिठाला कळत नसे. जाते परत आणायला नको. पण शेजारणीची ओवी पुरी करण्याची ती जबाबदारी टाकून दिली, तर वस्ती उरेल, समाज उरणार नाही.