येणारे आभाळ

गेल्या वैशाखात, आमच्या वाईच्या घराच्या माडीवर पश्चिमेच्या खिडकीशी बसून, पसरणीच्या घाटावर रोज दुपारी चढत जाणाऱ्या वळवाच्या ढगांचे एक तैलचित्र मी नऊ दिवसांच्या मेहनतीने पुरे केले. आणि घाटाची रांग, शेजाऱ्यांची कौले, नारळांचे शेंडे यांपैकी कशाचाही लवलेश चौकटीत न येता केवळ मेघ आणि त्यांवरचा प्रकाश एवढेच त्यात उतरले, याचे मला मनापासून समाधान वाटत होते. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया काढायला वर आलेल्या काकू ईझलसमोर थबकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान झालंय रे. पण हे आभाळ येतंय का जातंय?” चित्रातले ढग येतही नाहीत आणि जातही नाहीत, ते नुसते असतात, अशा अर्थाचे काहीतरी मी बोललो. काकूंनी मान डोलावली आणि त्या गच्चीकडे वळल्या. उत्तर तर्काला धरून होते. तरी ते मला पुढे कित्येक दिवस सलत राहिले, कारण प्रश्न अडाणीपणाचा नव्हता आणि मी मात्र तो तसा समजून निकालात काढला होता.

ढग क्षणभंगुर आणि चित्र स्थिर, हे वाचकाला नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. रामगिरीहून अलकेला निघालेल्या मेघाच्या काव्यावर ज्या समाजाची रसिकता पोसली गेली त्याला तर मुळीच नाही. माझी धारणा एवढीच होती की त्या प्रवासातला एक क्षण चित्रकाराने सोडवून घ्यावा आणि मागचापुढचा हिशेब निसर्गाच्या दप्तरी राहू द्यावा. परंतु काकूंनी वापरलेला शब्द ढग नव्हता, आकाशही नव्हता. तो आभाळ होता, आणि या शब्दानेच माझ्या धारणेला पहिली हरकत घेतली.

आकाश येत नाही. ते असते, निरभ्र असते, निळे असते, अनंत असते. आभाळ मात्र येते, भरून येते, दाटते, गडगडते, फाटते आणि उघडते. ‘आज आभाळ आहे’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा काल डोक्यावर आकाश नव्हते असे त्याला सुचवायचे नसते. तो मेघांविषयी बोलत असतो, आणि हा शब्दही अभ्राच्याच कुळातला आहे. आपल्या भाषेने शून्य अवकाशाला एक नाव दिले आणि त्या अवकाशातून माणसाच्या दिशेने चालत येणाऱ्या वस्तूला दुसरे. मळभ, झड, शिरवे, उघडीप हे सारे शब्द पाहिले तर त्यांतला एकही ढगाच्या आकाराविषयी बोलत नाही; किती वेळ राहील, काय करील, बाहेर पडावे की थांबावे, याविषयी बोलतो. आकारांची नावे इंग्लंडात ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधव्यावसायिकाने १८०२ साली एका व्याख्यानात दिली, आणि क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस ही त्याची नावे आज जगभर चालतात. ती उपयुक्त आहेत. पण ती आकाशातील वस्तूंची नावे आहेत, आभाळाची नव्हेत. आणि माझ्या नऊ दिवसांच्या चित्रात कदाचित आकाशातल्या वस्तूच तेवढ्या होत्या.

माझे एक स्नेही आयुष्यभर जलरंगात निसर्गचित्रे करीत आले आहेत. त्यांच्यापुढे मी हा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांनी दोष तत्काळ तेलरंगावर ढकलला. त्यांचे म्हणणे असे की आभाळ ही ओल्या कागदाची बाब आहे. कागद भिजवावा, रंग सोडावा, पाण्यानेच पाण्याचे रूप घ्यावे, आणि दहा मिनिटांत ढग उभा राहावा. तेलरंगाने ढग काढणे म्हणजे गवंडीकाम, त्यात भिंती उठतात, मेघ उठत नाहीत. जलरंगाची परंपरा महाराष्ट्रात इतकी समृद्ध आहे की त्यांच्या मताला तिचे पाठबळ सहज लाभते, आणि त्यांच्या चित्रांतली ओल मलाही हेवा वाटावा अशी आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण त्यांच्या युक्तिवादातली मुख्य बाब मला मुळीच पटत नाही. ओल्या कागदावर पसरणारा रंग ज्या नियमाने पसरतो तो कागदाच्या उताराचा आणि पाण्याच्या वजनाचा नियम आहे, वाऱ्याचा नव्हे. त्यातून निर्माण होणारा ढग मोहक असतो, पण तो कोठूनही आलेला नसतो. शिवाय जलरंगात प्रकाश म्हणजे न रंगवलेला कागद, राखून ठेवलेली जागा. तेलरंगात तो ठेवावा लागतो, जाड सफेद्याचा थर देऊन, विचारपूर्वक, ढगाच्या ज्या खांद्यावर ऊन खरोखर पडले आहे तेथेच. आणि चुकला तर सुरीने खरवडून पुन्हा ठेवता येतो. ऊन कोणत्या खांद्यावर आहे हे ठरवणे म्हणजे सूर्य कोठे आहे आणि मेघ त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा निवाडा करणे होय. हा निवाडा टाळण्याची सवलत तेलरंग देत नाही, म्हणून मला तो प्रिय आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण करड्या रंगाविषयी लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा चित्रात राखेसारखा मरून पडतो; वळवाच्या ढगाचे पोट अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना यांच्या मिश्रणातूनच साधते, आणि निळा अधिक पडला तर ते मागे सरते, सायना अधिक पडला तर पुढे येते, इतके की केवळ या दोहोंचे प्रमाण बदलून एकाच मेघाची जवळची आणि दूरची बाजू वेगळी करता येते. छाया पातळ ठेवावी, उजेड जाड ठेवावा, आणि वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक असावे, नाहीतर कालांतराने पृष्ठभाग तडकतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होत जाते, आणि आषाढातल्या दमट, अंधाऱ्या खोलीत ही क्रिया इतकी मंदावते की मृगाला लावलेला रंग कधी कधी आषाढी एकादशीलाही बोटाला लागतो. ज्या ऋतूत आभाळ सर्वांत अधिक पाहावयास मिळते त्याच ऋतूत तेलरंग सर्वांत अधिक अडून बसतो. पण या सक्तीच्या मुदतीचा मला लाभ झाला आहे. चित्र ओले आहे तोवर खिडकीबाहेर त्याच घाटावर वीस-पंचवीस वेगळी आभाळे येऊन जातात, आणि घरी बसून चित्र काढणाऱ्याला ती सारी एकाच जागेवरून, एकाच उंबरठ्यावरून पाहण्याचे भाग्य मिळते. रोज नव्या स्थळी जाणाऱ्याला नवी आकाशे मिळतात. आभाळ कसे वागते हे कळायला मात्र एक खिडकी वर्षानुवर्षे धरून बसावे लागते.

अशी एक जागा धरून बसलेला चित्रकार म्हणजे जॉन कॉन्स्टेबल. आजारी पत्नीला मोकळी हवा मिळावी म्हणून त्याने १८१९ पासून लंडनलगतच्या हॅम्पस्टेड येथे घर घेतले, आणि १८२१ व १८२२ या दोन वर्षांत तेथील उंचवट्यावर त्याने आभाळाचे अभ्यास तेलरंगात, बरेचसे कागदावर, भराभर केले. एकट्या १८२२ साली सुमारे पन्नास. माझे स्नेही तेलरंगाच्या संथपणाचा दाखला देतात तेव्हा हा पुरावा ते विसरतात. १८२१ च्या पुष्कळ अभ्यासांत खाली झाडांचे शेंडे किंवा जमिनीची पट्टी आहे. पुढच्या वर्षी ती बहुधा नाहीशी होते आणि केवळ मेघ उरतात. माझ्या चित्रातून घाट आणि कौले मी हद्दपार केली ती याच उदाहरणाच्या बळावर. मात्र त्याच उदाहरणातली एक गोष्ट मी तोवर नीट विचारात घेतली नव्हती. कॉन्स्टेबल या अभ्यासांच्या पाठीवर मजकूर लिही: तारीख, वेळ, आपण कोणत्या दिशेला तोंड करून पाहत आहोत, वारा कोणत्या दिशेचा व किती जोराचा, आणि पुष्कळदा त्यानंतर हवामान कसे झाले. समोरच्या बाजूवरून जमीन काढून टाकली तरी पाठीवरची ही कैफियत त्याने सोडली नाही. तो सफोकमधल्या गिरणीमालकाचा मुलगा, आणि तरुणपणी वडिलांच्या पवनचक्कीवर राबलेला. वारा कोठून येतो हे ज्याला वेळेवर कळत नाही त्याच्या चक्कीचे नुकसान ठरलेले. काकूंचा प्रश्न त्याला परका वाटला नसता. पुष्कळ चित्रांच्या मागे त्याने त्या प्रश्नाचेच उत्तर लिहून ठेवले आहे.

प्रश्न मग असा उरतो की हे उत्तर पाठीवर शाईने का लिहावे लागावे, पुढच्या बाजूला रंगाने का देता येऊ नये. पुढचा सबंध पावसाळा मी या एका शंकेने खिडकीत काढला. वाईचे ठिकाण या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. तीसएक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि घाटाच्या या बाजूला, पर्जन्यछायेत, आमच्या वाट्याला त्याचा लहानसा अंश येतो. म्हणजे आम्हाला दिसणारे बहुतेक आभाळ आमचे नसते. घाटावर काळेकभिन्न उभे राहून ते तेथेच रिते होते, आणि आमच्या अंगणात नुसता गार वारा पाठवते. त्यामुळे आभाळ येते आहे की नाही हे येथील माणूस मेघाकडे पाहून ठरवत नाही. तो घाटाकडे पाहतो. रांगेची कड प्रथम धूसर झाली, मग मधला कडा पुसला गेला, मग पायथ्याची झाडे पांढऱ्या पडद्याआड गेली, की आभाळ निघाले. आणि हीच रांग पडद्यातून धुऊन बाहेर आली, तिची प्रत्येक घळ स्पष्ट दिसू लागली, की ते गेले. मेघ दोन्ही वेळी सारखाच काळा, सारखाच भव्य असू शकतो. येणे आणि जाणे यांतला भेद वर नसून खाली, डोंगरावर, कौलांवर, उलट्या फिरलेल्या पानांवर आणि घाईने गोळा होणाऱ्या कपड्यांवर लिहिलेला असतो. ज्या पट्टीला मी अनावश्यक म्हणून चौकटीबाहेर ठेवले होते तिच्याशिवाय माझ्या मेघांत नाट्य नव्हते. नुसता देखावा होता. माझे स्नेही चुकीच्या माध्यमाला दोष देत होते, आणि मी, चुकीच्या कारणासाठी, योग्य माध्यमाचा बचाव करीत होतो.

त्याच काळात डच चित्रकार रॉइसडालने १६७० च्या सुमारास काढलेल्या हार्लेमच्या देखाव्याची प्रतिकृती मी पुन्हा काढून पाहिली. हे चित्र मी वर्षानुवर्षे केवळ त्यातल्या आभाळासाठी पाहत आलो होतो, कारण त्याचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग मेघांनीच व्यापलेला आहे. यावेळी प्रथमच नजर खालच्या पट्टीवर स्थिरावली. तेथे हिरवळीवर लांबच लांब पांढऱ्या पट्ट्या पसरल्या आहेत. हार्लेमचे प्रसिद्ध लिननचे कापड उन्हात शुभ्र व्हावे म्हणून अंथरून ठेवलेले आहे, त्यांच्या आसपास माणसे वावरत आहेत, आणि त्या सगळ्यांवरून मेघांच्या सावल्या सरकत आहेत. एका पट्टीवर ऊन, दुसरीवर छाया. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कापडवाल्यांना आणि आमच्या गच्चीवरच्या काकूंना वर पाहून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

नवा कॅनव्हास मी ईझलवर चढवला आहे. आभाळ आधी आणि जमीन नंतर, हा निसर्गचित्रणातला रूढ क्रम मी यावेळी मोडला. पसरणीची रांग, तिच्या अलीकडे नारळ आणि कौले, आणि सर्वांत खाली आमच्या गच्चीचा कोपरा, त्यावर जुन्या पातळावर ओळीने घातलेल्या ओल्या कुरडया, एवढे रंगवून झाले आहे व वाळत आले आहे. वरचा तीन चतुर्थांश भाग अजून कोराच आहे. चार दिवस वारा पश्चिमेचा आहे, आणि आज दुपारी तीनच्या सुमारास रांगेची कड किंचित धूसर झाली.