खेळ, आमिष आणि चूक

खेळता खेळता कोडिंग शिकविणारी अ‍ॅप्स आता शाळांत आली आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचा समावेश केल्यापासून शिक्षक-कक्षातही त्यांची चर्चा ऐकू येते. तेथे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पुस्तकाला हात न लावणारे मूल येथे तासभर रमते. दुसरा म्हणतो, मुले विचार करीत नाहीत. पडद्यावर तारा चमकेपर्यंत नुसती बटणे दाबतात. आम्हांला दोन्ही म्हणणी खरी वाटतात. म्हणूनच प्रश्न उरतो: मुलाला आमिष दाखवून शिकविणे योग्य आहे काय?

थोडे मुळाशी जाऊ. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडविली. पुढे तिच्यात कासव आले. मुलाने आज्ञा द्यावी, कासवाने रेघ ओढीत चालावे. समभुज त्रिकोण काढताना मूल पाठ असलेला ६० अंशांचा कोन आठवते आणि कासवाला दर बाजूनंतर तेवढेच वळविते. त्रिकोण मिटत नाही; अर्धा षटकोन उमटतो. मग मूल स्वतःच कासव होऊन जमिनीवर चालून पाहते, आणि उमगते की वळण १२० अंशांचे हवे. येथे कोणी रागावले नाही, कोणी तारा दिला नाही. चूकच गुरू झाली. २००७ साली एमआयटीतून आलेले ‘स्क्रॅच’ याच परंपरेतले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे जोडून मूल स्वतःची गोष्ट रचते.

आमिष आणि खेळ यांतला भेद येथे स्पष्ट होतो. आमिषातले बक्षीस कामाबाहेर असते. खेळाचा आनंद कामातच असतो. ताऱ्यासाठी शिकलेले मूल तारे मिळविण्यात तरबेज होते, विचारात होईलच असे नाही.

परंतु दोष केवळ अ‍ॅपला देणे न्याय्य नव्हे. आम्हीही वर्ग घेतले आहेत. तांबड्या शाईने उत्तर खोडताना ते मूल तेथवर कसे पोहोचले, हे आम्ही कितीदा विचारले? फार क्वचित. गुणांचे आमिष आणि चुकीची लाज आम्हीच आधी शिकविली. अ‍ॅपने ती केवळ रंगविली.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना आमची एवढीच विनंती: तारे दिसेनासे झाल्यावरही मूल त्या खेळापाशी थांबते का, ते पाहावे. थांबले, तर त्याच्याशेजारी बसून विचारावे, “हे असे का झाले असेल, बाळा?”