दफ्तर बघण्याचा हक्क
२००० साली उत्तर अमेरिकेतल्या इंटरनेट वापरणाऱ्यांनी मतं देऊन कार्ल ऑरबाक यांना 'आयकॅन'च्या संचालक मंडळावर पाठवलं. इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था बघणारी ही कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था. ऑरबाक यांनी संस्थेचं दफ्तर मागितलं. आधी गोपनीयतेच्या अटी मान्य करा, असं उत्तर आलं. ते कोर्टात गेले आणि जुलै २००२ मध्ये जिंकले. तिथल्या कायद्यात संचालकाचा हा हक्क जवळजवळ निरपवाद आहे.

मी गावच्या देवस्थानाचा विश्वस्त. कीर्द मागितली की ज्येष्ठ मंडळी दुखावतात. "अहो, देवाच्या पैशाला कोण हात लावणार?" पण श्रद्धा देवावर, कीर्द माणसं लिहितात. न बघता ठरावावर सही केली आणि पुढे काही निघालं, तर पाप कोणाचं? 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चित्रगुप्त ऐकेल असं वाटत नाही, तो स्वतःच वह्यांचा माणूस. डोळे मिटून बसणं हेही कर्मच की! काही कागद चव्हाट्यावर मांडायचे नसतात, कबूल. पण माझे डोळे म्हणजे चव्हाटा नव्हे. पुढच्या बैठकीत कीर्द पुन्हा मागणार आहे, या वेळी लेखी.