पोर्टच्या काठाशी

स्वस्थ बसा. समोर स्पीकरची लाकडी पेटी आहे असं मनात आणा. वर शंकूच्या आकाराचा थरथरणारा पडदा, म्हणजे कोन, खाली एक गोल भोक. त्या भोकातून आत नळी जाते, तिला पोर्ट म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅबमधले अल्बर्ट थुरास यांना या रचनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. पेटीतली हवा इथे स्प्रिंगचं काम करते, नळीतली हवा वजनाचं.

आता ४० हर्ट्झचा खर्ज सूर सुरू होऊ द्या. पेटी याच सुराला ट्यून केलेली आहे. कोनाकडे बघा. तो जवळजवळ थांबलाय, आणि खोली तर आवाजाने भरलीय. मग हलतंय काय? या प्रश्नापाशी थोडं रेंगाळा.

पोर्टसमोर पेटती उदबत्ती धरा. धुराचा नुसता धूसर पट्टा दिसतो, कारण सेकंदाला ४० फेऱ्या डोळ्याला पेलत नाहीत. खोलीतले दिवे मालवा. सेकंदाला ३९ वेळा लुकलुकणारा स्ट्रोब लावा. आता हवेची एक फेरी सावकाश, सेकंदभरात उलगडताना दिसेल.

बाहेर येणारी हवा बघा. ती काठाशी सुटते, स्वतःभोवती गुंडाळते, भोवऱ्याचं कडं होऊन पुढे निघून जाते. आत जाणारी हवा बघा. ती चहूबाजूंनी, हळूच गोळा होते. तोंडासमोर तळहात धरून एकदा फुंकर घाला, मग तोंडानेच श्वास ओढा. फुंकर हाताला लागते, ओढलेला श्वास जाणवत नाही. हवा तेवढीच, वाट मात्र निराळी.

आवाज हळूहळू वाढवा. हवेचा वेग सेकंदाला १७ मीटरवर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाच टक्क्यांवर पोचला, की नळीतली हवा पुढे आणि मागे जवळपास सात-सात सेंटीमीटर धावते. काठ धारदार असेल तर धूर विस्कटतो, आणि कानाला फसफस ऐकू येते. डोळा आणि कान एकाच गोष्टीची साक्ष देतायत, हे शांतपणे ध्यानात घ्या. संगीतात नसलेला तो आवाज काठावर फाटणाऱ्या हवेचा आहे. काठाला गोलाई मिळाली, तोंड रुंद झालं, की हवा वळणाला धरून राहते आणि वेग ओसरल्यावर सुटते.

आपण दाद देतो ती दिसणाऱ्या कोनाला. या खर्जाचं बहुतेक काम मात्र न दिसणारी हवा करत असते. स्वतः पेटी बनवत असाल तर करवतीने कापलेली नळी तशीच बसवू नका. दोन्ही टोकांना गोलाई द्या. त्या हवेचं एवढं देणं आपण लागतो.