हजेरीचा आकडा शेतापर्यंत

पनवेल तालुक्यात माथेरानच्या डोंगराखाली, धोदाणी-मालडुंग्याच्या बाजूला, पावसाळ्यात वरकस जमिनीवर शिराळी, घोसाळी, कारली, काकडी पिकते. ठाकूर-कातकरी बाया ती पाटीत घालून पनवेलच्या बाजारात आणतात आणि अंधार पडायच्या आत मिळेल त्या भावाने विकून घरी परततात. त्याच महिन्यांत त्याच पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांत रोज दुपारी पोषण आहार शिजतो. योजनेच्या मापाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. पिकवणाऱ्या बाया आणि जेवणारी मुले काही किलोमीटरच्या अंतरात आहेत, तरी शेतातल्या भाजीला शाळेच्या पातेल्यापर्यंत नेणारी ठरलेली वाट नाही. ही वाट बांधायला डिजिटल साधन उपयोगी पडेल असे मला ठामपणे वाटते. पण आज ज्या तऱ्हेने ते वापरले जाते, त्या तऱ्हेने नाही.

आज काय होते ते पाहू. किती मुले जेवली याचा आकडा मुख्याध्यापक रोज ऑनलाइन भरतात. तो आकडा वर जातो: तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्याला, दिल्लीला. तांदळाचा हिशेब त्यावर चालतो, देयके त्यावर निघतात. ही नोंद आवश्यकच आहे, कारण २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हापासून हे जेवण मुलाचा हक्क आहे आणि हक्काला हिशेब लागतोच. परंतु इतक्या कष्टाने गोळा केलेला हा आकडा खाली, शेताकडे, कधीच येत नाही. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज तीन किलो भाजी लागते. एवढ्यासाठी कोणी शेतकरी वाफा राखून ठेवणार नाही. पण शाळा एकट्या नसतात, शाळांच्या समूहात, म्हणजे केंद्रात, बांधलेल्या असतात. अशा दहा शाळा धरल्या तर रोजची तीस किलो, आठवड्याची दीड क्विंटलच्या पुढे-मागे भाजी होते. एका रिक्षात मावेल एवढा माल आणि चार-पाच कुटुंबांना पुरेल एवढे ठरलेले गिऱ्हाईक! दहा ठिकाणचे विखुरलेले तीन-तीन किलो एकत्र करून ती मागणी आठवडाभर आधी शेतकऱ्याला कळवणे, हे काम कागदावर किचकट आणि मोबाइलवर सोपे आहे.

भाजीसाठी आणखी एक बाजारपेठ-ॲप काढावे असा याचा अर्थ नाही. ई-नाम हा ऑनलाइन बाजार २०१६ पासून आहे, पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव रोज दिसतात, त्याच वर्षी राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. माहितीचा किंवा परवानगीचा तुटवडा नाही. लहान शेतकऱ्याला हवी असते ती दोन गोष्टींची खात्री: माल उचलला जाईल आणि पैसे वेळेवर मिळतील. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान तीस टक्के भाग कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले. तिथे आधी खरेदीचे वचन आले. वचन नसेल तर ॲप म्हणजे रिकामी पाटी.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा, आणि तो अगदी खरा आहे. अशैक्षणिक कामांनी ते आधीच वाकले आहेत. म्हणूनच त्यांच्याकडून एकही नवा रकाना भरून घेऊ नये. रोजचा आकडा आहेच. त्याच्या सरासरीवरून पुढच्या आठवड्याची मागणी आपोआप निघावी, आणि माल गोळा करण्याची, वाटण्याची जबाबदारी गावातल्या बचत गटाकडे असावी. दुसरा आक्षेप भावाचा. मे २०२५ पासूनच्या दरानुसार प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात, त्यात डाळ, तेल, मसाला, इंधन, भाजी सगळे आले. एवढ्यात महाग भाजी परवडणार नाही, हे मान्य. पण शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि किरकोळ गिऱ्हाइकाने मोजलेला भाव यांत मोठी दरी असते. त्या दोहोंच्या मध्ये पंधरवड्याचा दर ठरवला तर दोघांचेही भले होते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. डिजिटल व्यवस्था ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच ओळखते. ई-पीक पाहणी सातबाऱ्यावर चालते. रायगडात वनातली दळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अनेकांच्या नावावर सातबारा नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर काहींना पट्टे मिळाले, सर्वांना नाहीत. पुरवठादाराच्या नोंदणीला सातबाऱ्याची अट घातली, तर ज्या बाईची भाजी शाळेच्या सर्वांत जवळ आहे तीच गाळली जाईल. तिथे बचत गटाचा दाखला पुरेसा मानावा लागेल, आणि हा निर्णय माणसांनी आधी घ्यावा लागेल.

विमानतळ झाला, त्याच्याभोवतीचे ‘नैना’ नियोजन क्षेत्र आले, पनवेलमध्ये शेती उरलीच किती, असेही विचारले जाईल. शाळेच्या भाजीने जमिनीची विक्री थांबेल असे कोणी म्हणू नये. मात्र जे अजून कसतात, त्यांच्यासाठी ठरलेले गिऱ्हाईक मोलाचे आहे, आणि भाजीपाशीच थांबण्याचेही कारण नाही. भातकापणीनंतर याच खाचरांच्या ओलीवर वाल पेरला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येतो. आमटीला लागणारी कडधान्ये निविदेतून, दूरच्या पुरवठादाराकडून येतात. प्रथिनांनी भरलेला इथला वाल त्या यादीत बसवायला एका ओळीची दुरुस्ती पुरेल. फक्त मार्चमध्ये मुलांच्या ताटात बिरड्याची आमटी हवी असेल, तर किती किलो लागेल हे शेतकऱ्याला दिवाळीच्या सुमारास, पेरणीआधी, कळायला हवे.