सम नसलेली सकाळ

सकाळी पोह्यांची फोडणी करताना ख्याल ऐकणं मला जमत नाही. विलंबित एकतालात सम जवळ येऊ लागली की हात आपोआप थांबतो आणि मोहरी करपते. म्हणून त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात चरणजीत सिंग वाजतात.

हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्या मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबला नाही, सारंगी नाही. रोलँडची तीन यंत्रं : सुरांना ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८, बासला टीबी-३०३. ही रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. १९८७ मध्ये शिकागोच्या फ्यूचर या चमूने त्याच ३०३वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं, त्या आवाजावर तरुण मंडळी नाचू लागली. २०१० मध्ये चरणजीतांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं.

आधी कोण, या वादात मला रस नाही. रस आहे तो ३०३च्या घसरण्यात. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जायची सोय त्या यंत्रातच आहे. तिला मींड म्हणायला मात्र जीभ कचरते. बोटाची मींड दर वेळी थोडी निराळी येते, यंत्राची तश्शीच. तरीही ललितमधले दोन मध्यम ओळखू येतात, आणि गॅससमोर उभं असताना तेवढं मला पुरतं. (क्लासात इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करणारे या संगीताला नाक मुरडतात, तेव्हा गंमत वाटते.)

खरी सोय आहे ती ठेक्याची. इथे खाली नाही, भरी नाही, वाट पाहायला लावणारी सम नाही. सगळे ठोके सारख्याच वजनाचे. मैफलीत हा दोष ठरेल, आणि ठरावाच; समेवर मान डोलावण्याचा आनंद इथे नाही. पण म्हणूनच डबा भरताना मध्येच कान काढून घेता येतो, दारावर दूधवाला आला तर जाऊन येता येतं. परत आलं की राग तिथेच असतो, रुसलेला नसतो.

प्रहरांची शिस्त तर या रेकॉर्डने पार मोडली आहे. मैफल जिथे संपायची ती भैरवी इथे पहिलीच. ललित आणि तोडी यांच्या मधोमध संध्याकाळचा भूप येऊन बसलेला. सुरुवातीला मी पहाटेचे राग वेचून लावायचे. आता डबे भरून होईपर्यंत जे लागेल ते चालतं. मालकंसाची वेळ तेवढी पाळली जाते, कारण रात्रीची भांडी मीच घासते.