राजाजवळचा साक्षीदार

इसवी सन ८९मध्ये चिनी सेनापती दोऊ श्यान याने श्योंगनू टोळ्यांना हरवले. हा विजय कड्यावर कोरायचा ठरला, आणि मजकूर लिहिणारा माणूस फौजेबरोबरच होता. त्याचे नाव बान गू, हान घराण्याचा इतिहासकार. त्याआधी, वडिलांनी हाती घेतलेला इतिहास तो घरी बसून पुढे लिहीत होता, तेव्हा हे परस्पर चाललेले लिखाण गुन्हा ठरले आणि त्याला पकडण्यात आले. भाऊ बान चाओ याने बादशहापुढे रदबदली केली. बादशहाने लिखाण वाचले आणि त्याला राजग्रंथालयातच नेमले. पुढे दोऊ श्यानची सत्ता गेली, त्याच्या माणसांवर गदा आली आणि ९२मध्ये बान गू कैदेत मेला. अपुरा ग्रंथ बहीण बान झाओ हिच्या हातून पुरा झाला.

सत्तेपासून दूर राहावे तर कागद हाती येत नाहीत. जवळ जावे तर स्तुती लिहावी लागते. बान गूचा हा पेच त्याच्या एकट्याचा नव्हता. काही दशकांच्या फरकाने तोच पेच नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरही कोरला गेला.

त्या डोंगरातल्या पांडवलेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी तिने तो कोरवला. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन, पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचे नाव पुसले, धर्माला धरूनच कर घेतले, असे त्यात म्हटले आहे. आईने मुलाविषयी आणि राजघराण्याने स्वतःविषयी लिहिलेला हा इतिहास. त्यावर विश्वास का ठेवावा?

उत्तर त्याच लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचा हुकूम गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून आहे : उसभदाताच्या ताब्यातले शेत भिक्षूंना द्यावे. उसभदात म्हणजे ज्या क्षहरातांचे नाव पुसल्याचे आई सांगते, त्यांच्यातल्या नहपान राजाचा जावई. त्याने केलेल्या दानांचे लेख जवळच्याच दहाव्या लेण्यात आहेत. २४व्या वर्षी दुसरा हुकूम निघतो : दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी दुसरी जमीन द्यावी. प्रशस्तीत न मावणारे ओसाड गाव महसुलाच्या हुकुमात सहज नोंदले गेले. १९०६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. विजयाची ग्वाही आता नाण्यांनीही दिली. आईचा शब्द खरा ठरला, पण तो तिच्या शब्दावरून नव्हे.

एका साक्षीला दुसरी साक्ष लावून पाहायची ही कल्पना मराठी इतिहासलेखनात हळूहळू रुजली. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवछत्रपतींच्या दरबारातला माणूस. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९७मध्ये त्याने जिंजीला बखर लिहिली. तिच्यातली गड, फौज, कारभार यांची माहिती दरबाराबाहेरच्या माणसाला जमली नसती. पण ती ताडून पाहावी, असे तेव्हा कोणाला वाटले नाही. मग आला ग्रँट डफ. साताऱ्याच्या छत्रपतींवर देखरेख ठेवणारा हा कंपनीचा अधिकारी. ज्यांचा इतिहास लिहायचा त्यांचेच दप्तर त्याच्यासमोर उघडे होते. १८२६मध्ये त्याचा इतिहास तीन खंडांत छापला गेला. तोही राजाजवळचाच साक्षीदार होता, फक्त राज्य दुसऱ्याचे होते.

१८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफच्या ग्रंथावर टीका लिहिली, तेव्हा राज्यकर्त्याचा इतिहासही तपासता येतो हे मराठी वाचकाला दिसले. वि. का. राजवाड्यांनी त्या धाडसाला शिस्त दिली. वाडे, देवळे, जुनी घराणी धुंडाळून त्यांनी दप्तरे मिळवली आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली. नंतर रचलेल्या बखरीपेक्षा त्या काळचे अस्सल पत्र वरचढ, हा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह योग्यच, पण तेवढ्यावर बखर निकालात निघत नाही. पत्र लिहिणाराही कोणाचा तरी चाकर असतो, आणि आपल्याला हवे तेच लिहितो. निःपक्ष साक्षीदार शोधत बसलो तर पांडवलेण्यांतही कोणी सापडणार नाही. प्रशस्ती, हुकूम आणि नाणी ही तिन्ही सत्तेचीच लेकरे. तरीही तिघांची उद्दिष्टे वेगळी असल्यामुळे एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचे लपवलेले उघडे पडते. म्हणून एखाद्या मंत्र्याचे आत्मचरित्र हाती आले, की लेखक खरा की खोटा याचा वाद घालण्याआधी त्या वर्षाचे अंदाजपत्रक आणि सभागृहातली प्रश्नोत्तरे शेजारी घेऊन बसावे.